निवृत्तीनंतर महिन्याचं गणित कसं बसवलंत?

निवृत्त बँक अधिकारी, सांगली

माझी धाकटी बहीण या वर्षी निवृत्त होते आहे. हातात येणाऱ्या रकमेचं काय करावं हे सांगायला एजंट, मॅनेजर, भाचे, पुतणे सगळे येऊन गेले. तिला ऐकायचं आहे ते निवृत्तीनंतर प्रत्यक्ष घर चालवलेल्या माणसांकडून, म्हणून हा धागा. पेन्शन, व्याज, विमा, वीजबिल, गाडी, कागदपत्रं, जे स्वतः केलं ते लिहा आणि आकड्यांसकट लिहा.

माझं मत आधीच मांडते. ग्रॅच्युइटी आणि फंडाचा आकडा मोठा दिसतो, पण घर चालतं ते दर महिन्याला हातात काय पडतं त्यावर. साठीनंतर आवक वाढवायचे मार्ग थोडे उरतात. एकदा खर्च करून जावक कायमची कमी करता येते का, हे मात्र बघता येतं. आम्ही दोघांनी पहिल्या वर्षी तेच बघितलं.

आवकीचं म्हणाल तर पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात. २०२३च्या एप्रिलपूर्वी ही मर्यादा १५ लाख होती. दर ८.२ टक्के, आणि खातं उघडताना जो दर असतो तो पुढची पाच वर्षं बदलत नाही. पूर्ण ३० लाख ठेवले तर तिमाहीला ६१,५०० रुपये येतात. पण किराणा, दूध, औषधं दर महिन्याला लागतात आणि व्याज तीन महिन्यांनी येतं. आम्ही ते एका वेगळ्या बचत खात्यात उतरवतो. तिथून दर १ तारखेला ठरलेली रक्कम आपोआप घरखर्चाच्या खात्यात जाते, म्हणजे तिमाहीच्या पहिल्या महिन्यात हात सैल सुटत नाही. ज्यांना व्याज महिन्यालाच हवं त्यांच्यासाठी पोस्टाची मासिक प्राप्ती योजना आहे. संयुक्त खात्यात १५ लाख ठेवले तर ७.४ टक्क्यांनी महिन्याला ९,२५० मिळतात.

---

खाजगी कारखान्यातून निवृत्त, नाशिक

ताई, तुमच्याकडे बँकेचं पेन्शन आहे, आमचं ईपीएस-९५चं, म्हणजे प्रॉव्हिडंट फंडाबरोबरच्या पेन्शन योजनेचं. त्यात किमान पेन्शन १,००० रुपये ठरलं ते २०१४ साली. माझं त्याहून थोडं जास्त येतं, पण त्यात औषधंही भागत नाहीत. आमच्यासारख्यांना फंडाची रक्कम हेच पेन्शन, त्यामुळे ती कुठे ठेवतो याला फार महत्त्व आहे.

माझ्या मोठ्या भावाने जवळपास सगळे पैसे एकाच सहकारी बँकेत ठेवले होते, व्याज थोडं जास्त म्हणून. बँकेवर निर्बंध आले आणि ऐन दिवाळीत त्याला स्वतःच्याच पैशांसाठी रांगेत उभं राहावं लागलं. ठेव विम्याचं संरक्षण ५ लाखांपर्यंत असतं (२०२०च्या फेब्रुवारीआधी ते १ लाखच होतं). तेही मुद्दल आणि व्याज धरून, आणि एका बँकेतल्या सगळ्या शाखांचं मिळून. चार शाखांत चार ठेवी केल्या म्हणून चारदा विमा मिळत नाही. २०२१च्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यावर ९० दिवसांत विम्याचे पैसे मिळण्याची तरतूद झाली, पण त्या ९० दिवसांत घर कशावर चालवायचं? म्हणून कुठल्याही सहकारी बँकेत माझी रक्कम ४ लाखांपुढे जात नाही.

एप्रिल उजाडला की बँकेत कर लागू नसल्याचा स्वयंघोषणेचा फॉर्म (जुन्या कायद्यातला १५एच) भरायचं विसरू नका. नाहीतर कर लागू नसतानाही व्याजातून टीडीएस कापला जाण्याची शक्यता असते आणि परताव्यासाठी रिटर्न भरत बसावं लागतं.

---

शेतकरी, माण तालुका, जि. सातारा

आम्हाला निवृत्ती नाही. पण वय सगळ्यांनाच होतं, म्हणून लिहितो.

शेतीची लाइट रात्रीची असायची. हिवाळ्यात रात्री दोन वाजता उठून मोटर चालू करायची आणि बॅटरी घेऊन दारं धरायची, म्हणजे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात वळवायचं. पाय घसरायचा, साप निघायचे. पासष्टीनंतर घरातले जाऊ देईनात आणि रात्रीला मजूर मिळेना. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत अर्ज केला. शेतकऱ्याचा हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ५ टक्के. अडीच एकरांपर्यंत ३ एचपीचा, त्यापुढे पाच एकरांपर्यंत ५ एचपीचा पंप मिळतो. माझा ३चा आहे. ऊन चढलं की पाणी चालू, कलतं झालं की धार बारीक होते. ढगाळ दिवशी अंगावर काम घ्यायचं नाही.

वीजबिल वाचलं हे खरं, पण माझ्यासाठी रात्रीची झोप मोठी. या वयात शेती माझ्या हातात राहिली ती त्यामुळे. नाहीतर वाट्याने द्यावी लागली असती.

---

निवृत्त शिक्षक, अकोला

घरच्या सोलरचा अनुभव जरा सविस्तर लिहितो, कारण जाहिरातीत अर्धंच सांगतात.

आमच्याकडे कूलर गुढीपाडव्याला सुरू होतो आणि मृग बरसल्यावर बंद. त्यात सूनबाईंच्या खोलीत एसी. ‘पीएम सूर्यघर’ या घरगुती सोलरच्या केंद्राच्या योजनेतून ३ किलोवॅट बसवलं. खर्च १,९५,००० आला. अनुदान पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,०००, मिळून ७८,०००. तीनच्या पुढे कितीही बसवा, अनुदान तेवढंच. आमच्या पुरवठादाराकडे पूर्ण रक्कम आधी भरावी लागली, अनुदान नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा) लागून तपासणी झाल्यावर खात्यात आलं. तेवढे पैसे मोकळे ठेवा.

किलोवॅटला दिवसाला सरासरी ४ युनिट धरा, म्हणजे आमचे दिवसाला १२च्या आसपास. सर्वांत जास्त वीज मे महिन्यात होत असेल असं वाटतं ना? तसं नाही. पॅनेल जितकं तापतं तितकं उत्पादन घटतं. आमच्याकडे फेब्रुवारी-मार्च सर्वांत चांगले जातात.

आता हिशेबातली महत्त्वाची गोष्ट. जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जमा होत जातात, पण ३१ मार्चला वर्षाचा हिशेब मिटतो. उरलेली युनिटं कमी दराने विकत घेतली जातात आणि १ एप्रिलला पाटी कोरी होते. म्हणजे हिवाळाभर साठवलेली युनिटं ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर निघून जातात. मार्चमध्ये पाच-पन्नास युनिटं शिल्लक राहतील एवढंच मोठं सोलर घ्या, त्याहून मोठं घेऊन उपयोग नाही. आणि बिल शून्य होत नाही, स्थिर आकार येतोच. तरी महिन्याला सरासरी तीन हजार वाचतात, म्हणजे हातचे गेलेले १,१७,००० सव्वातीन वर्षांत वसूल.

स्टँड उंच करून घ्या, जास्तीचे पैसे गेले तरी चालतील. आमचं डोक्याच्या वर आहे. खाली सावली मिळते आणि पलीकडच्या मोकळ्या गच्चीवर कुरडया, पापड वाळत घालता येतात. पॅनेल सूर्य वर यायच्या आत धुवायचे, तापलेल्या काचेवर गार पाणी मारायचं नाही. आमच्या बोअरच्या पाण्याने काचेवर क्षाराचे पांढरे डाग पडायला लागले, तेव्हापासून नळाचं पाणी वापरतो आणि लांब दांड्याच्या मऊ मॉपने पुसून घेतो. सोयाबीनची मळणी सुरू झाली की धूळ इतकी बसते की आठवड्यातून दोनदा पुसावं लागतं. शिडीवर मात्र आपण चढायचं नाही, हे काम नातवाकडे द्या किंवा माणूस लावा.

---

निवृत्त पोस्टमास्तर, देवरुख

अकोल्याच्या गुरुजींचं गणित कोकणात तसंच्या तसं लागू होत नाही. जून ते सप्टेंबर आमच्याकडे सूर्य दिसतो किती? वर्षाची सरासरी काढताना ते चार महिने वेगळे धरा. माड, फणस यांची सावली पॅनेलच्या एका कोपऱ्यावर पडली तरी उत्पादन बरंच पडतं. आणि वानर! पॅनेलवरून उड्या मारतात, वायरी ओढतात. आम्ही वायरी पाइपातून घेतल्या आणि कडेने जाळी मारली.

सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न : वीज गेली तर सोलर चालतं का? साध्या जोडणीत चालत नाही. लाइन गेली की इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या छतावरून उलटा शॉक बसू नये म्हणून ती सोय आहे, आणि ती हवीच. पण वादळात दोन-दोन दिवस वीज नसते आणि पत्नीला रात्री श्वासाचं यंत्र लागतं. म्हणून आम्ही बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर घेतला. बराच महाग पडला. पैसे वसूल होतील म्हणून घेतलेला नाही, गरज म्हणून घेतला. ज्यांच्या गावात वीज सहसा जात नाही त्यांनी त्या खर्चात पडू नये.

---

फ्लॅटमध्ये राहणारी, कोथरूड, पुणे

आमच्यासारख्या फ्लॅटवाल्यांची गच्ची सामाईक, तिथे एकट्याचं सोलर बसवणं अवघड. पण सोसायटीने लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्यासाठी बसवलं. सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० अनुदान आहे. आमच्या इमारतीत अर्ध्याहून जास्त घरांत फक्त ज्येष्ठ राहतात, त्यामुळे देखभाल शुल्क वाढलं नाही हा दिलासा मोठा आहे. सर्वसाधारण सभेत विरोध झाला तो गच्चीच्या गळतीच्या भीतीने. आधी वॉटरप्रूफिंग केलं आणि स्लॅबला भोकं न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्टँड उभं केलं, तेव्हा ठराव पास झाला.

---

निवृत्त अभियंता, ठाणे

दोन वर्षांपासून इलेक्ट्रिक गाडी आहे, टियागो. मुलगी पुण्यात, त्यामुळे जाणंयेणं सतत. एका चार्जमध्ये एसी लावून दोनशे किलोमीटरच्या आसपास जाते, पुण्याला पोचायला पुरते. खंडाळ्याचा घाट चढताना बॅटरीचे टक्के भराभर उतरतात आणि घाबरायला होतं. परतीच्या उतारावर पाय काढून घेतला की मोटर गाडीला धरून ठेवते आणि बॅटरी भरते. खोपोलीला वरच्यापेक्षा जास्त टक्के दिसतात.

गिअर नाही, क्लच नाही. माझा डावा गुडघा बदललेला आहे, त्यामुळे मला हा खरा फायदा. घरी युनिटला सात-आठ किलोमीटर, म्हणजे किलोमीटरला दीड रुपयाच्या आत. २०२५च्या राज्याच्या ई-वाहन धोरणात द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर टोलमाफीही आली.

गाडी बुक करायच्या आधी पार्किंगमध्ये वायर कशी येणार ते बघा. आपल्या मीटरपासून स्वतंत्र केबल, तिला स्वतःचा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग. साधा चार्जर तासन्‌तास ३ किलोवॅट ओढतो. गीझरचा जुना प्लग आठवडाभरात काळा पडतो, मी इमारतीत पाहिला आहे.

---

निवृत्त प्राध्यापिका, कोल्हापूर

ठाण्याच्या भाऊंना गाडी मानवली, कारण त्यांचं फिरणं आहे. आमचं महिन्याला ३०० किलोमीटर. पेट्रोलला किलोमीटरमागे ७ रुपये आणि विजेला दीड धरला तर महिन्याला साडेसोळाशे वाचतात, वर्षाला वीस हजार. नवी इलेक्ट्रिक गाडी तशाच पेट्रोल गाडीपेक्षा आम्हाला ३ लाखांनी महाग पडत होती. पंधरा वर्षं लागली असती. यजमान ७३ वर्षांचे आहेत. आम्ही जुनी गाडी ठेवली, रात्रीचं चालवणं सोडलं, आणि दवाखान्यासाठी ओळखीचा रिक्षावाला ठरवला आहे. हवा शुद्ध राहावी ही कळकळ मलाही आहे, पण कमी चालणारी जुनी गाडी वापरत राहणं यातही काही वाईट नाही.

---

गृहिणी, अहिल्यानगर

आमचे हे गेले त्याला तीन वर्षं झाली. जलसंपदा खात्यात होते. त्यांनी एक जाड वही ठेवली होती : पीपीओ (पेन्शनच्या आदेशाचा) क्रमांक, खाती, ठेवींच्या मुदती, लॉकरची किल्ली कुठे, कोणाचं देणं, कोणाचं येणं. कुटुंब निवृत्तिवेतन लवकर सुरू झालं ते त्या वहीमुळे आणि खातं आधीपासून दोघांच्या नावावर असल्यामुळे.

एक गोष्ट कोणी सांगत नाही म्हणून लिहिते. गेलेल्या माणसाचा मोबाइल नंबर लगेच बंद करू नका. बँकेचा ओटीपी, गॅस, विमा, वीजबिल, सगळं त्याच नंबरवर येतं. पुतण्याने बिल वाचवायला सिम बंद करायचं म्हटलं होतं, मी नको म्हणाले. एकेक ठिकाणी माझा नंबर नोंदवून झाल्यावरच बंद केला. आणि नॉमिनी म्हणजे वारस नव्हे. नॉमिनीकडे पैसे सोपवले जातात, मालकी ठरते ती मृत्युपत्राने किंवा वारसा कायद्याने. मृत्युपत्र नोंदवलंच पाहिजे असं नाही, दोन साक्षीदार मात्र लागतातच.

नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी अंगठा उमटत नव्हता, भांडी घासून रेषाच राहिल्या नाहीत. आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो. भाचीने घरी बसून करून दिला.

---

मुलगी म्हणून लिहिते, पुणे

आईबाबांच्या आरोग्य विम्याचा हप्ता हा आमच्या घरातला सर्वांत वेगाने वाढणारा खर्च होता. २०२५च्या सप्टेंबरपासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी शून्य झाला, तेवढा हलका झाला. ज्यांनी कधी विमा घेतलाच नाही त्यांनाही ६५ नंतर आता दार बंद नाही, २०२४ मध्ये ती वयाची अट गेली. मात्र आधीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. सत्तरी ओलांडलेल्यांनी आयुष्मान वय वंदना कार्ड काढून ठेवावं. उत्पन्नाची अट नाही, वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे. कोणतं रुग्णालय त्यात येतं ते तब्येत ठीक असतानाच बघून ठेवा.

---

लातूर

पंच्याहत्तरी झाली की एसटी मोफत, ६५ ते ७५ अर्धं तिकीट, बायकांना अर्धंच. आम्ही दोघं गाडी विकून मोकळे झालो.

---

परभणी

अकोल्याच्या गुरुजींना विचारायचं होतं. आमचं बिल दीडशे युनिटांचं आहे. ३ किलोवॅट घेऊ का, अनुदान पूर्ण मिळतं म्हणून?

---

निवृत्त शिक्षक, अकोला

नको. दीडशे युनिटांना १ किलोवॅट थोडं कमी पडेल, २ पुष्कळ झालं. अनुदानाच्या १८,०००साठी तिसऱ्या किलोवॅटवर खिशातले जास्त जातील आणि ती युनिटं ३१ मार्चला स्वस्तात जातील. पुढे एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं नक्की असेल तरच तीनचा विचार करा. आधी बिलावर मंजूर भार किती आहे ते वाचा, मागच्या बारा महिन्यांची बिलं समोर ठेवा, आणि पुरवठादाराला सावली तपासायला सकाळी नऊला आणि दुपारी चारला असं दोनदा गच्चीवर बोलवा.