गणपतीचे फोटो आपल्या सर्व्हरवर – सोसायटी ग्रुप

कुलकर्णी काका (सेक्रेटरी): ओंकार, विसर्जनाचे फोटो चढत नाहीयेत. '४१३ रिक्वेस्ट एंटिटी टू लार्ज' असं काहीतरी येतंय. काल स्क्रीनशॉट मात्र चढला होता.

ओंकार ए-४०१: काका, स्क्रीनशॉट छोटा असतो. एनजिनएक्स (सर्व्हरवरून साइट दाखवणारा प्रोग्रॅम) मुळात १ एमबीच्या वरचं काही आत घेतच नाही आणि फोनचा फोटो ४-५ एमबीचा. लॉगमध्ये तेच लिहिलंय. 'क्लायंट मॅक्स बॉडी साइज' ही त्याची मर्यादा ५० एमबी करतो.

नेहा बी-३०३: तेवढ्याने भागणार नाही रे. गॅलरी ज्यावर चालते त्या पीएचपीची वेगळी मर्यादा आहे. एका फाइलला २ एमबी, सगळ्या मिळून ८ एमबी. दोन्ही वाढव, आणि 'पोस्ट मॅक्स' (सगळ्या मिळून) हे 'अपलोड मॅक्स'पेक्षा (एका फाइलचं) मोठं ठेव. नाहीतर ४१३ जाईल आणि नुसतंच 'अपलोड अयशस्वी' येत बसेल.

देसाई काका (खजिनदार): एवढा खटाटोप कशाला? गूगलवर टाका की, फुकट आहे.

ओंकार ए-४०१: काका, अमर्याद फुकट जून २०२१ पासून बंद झालं. आता मेल, ड्राइव्ह, फोटो सगळं मिळून १५ जीबी. कुणाच्या खात्यात टाकायचं? कुलकर्णी काकांचं आधीच भरलंय.

देसाई काका (खजिनदार): मग इथेच ग्रुपवर टाका.

मानसी बी-२०१: इथे फोटो बारीक होऊन येतात काका. गेल्या वर्षी फ्लेक्ससाठी घेतला तर मूर्तीचा चेहराच कळेना.

देसाई काका (खजिनदार): बरं. पण ऑफिसात तो जुना कॉम्प्युटर पडलाय, त्यावर का नाही? भाड्याचा सर्व्हर कशाला?

ओंकार ए-४०१: तेच आधी करून बघितलं. आपल्या ब्रॉडबँडवाल्याने एकच पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलाय. राउटरवर पोर्ट (आत यायची दारं) कितीही उघडा, बाहेरून कुणी आत येऊ शकत नाही. स्टॅटिक, म्हणजे आपल्या एकट्याच्या कायमच्या आयपीचे पैसे वेगळे, वर आपली लाइट जाते ती जातेच.

शिंदे काकू बी-१०२: आज ११ ला पाणी जाणार आहे का?

कुलकर्णी काका (सेक्रेटरी): नाही काकू, टाकी उद्या धुणार आहेत.

नेहा बी-३०३: ओंकार, एक गंभीर गोष्ट. गॅलरी लॉगिन मागते, पण फोटोचा पत्ता कॉपी करून दुसऱ्या ब्राउझरमध्ये टाकला तर लॉगिन न करता फोटो हजर. फाइलचं नाव खोडून नुसतं फोल्डर उघडलं तर सगळ्या फोटोंची यादीच आली.

ओंकार ए-४०१: असं कसं? फोल्डरमध्ये डॉट-एचटीअ‍ॅक्सेस आहे ना, त्यात मनाई लिहिलेली आहे.

नेहा बी-३०३: ती फाइल अपाची या दुसऱ्या सर्व्हर प्रोग्रॅमसाठी. एनजिनएक्स तिच्याकडे ढुंकूनही बघत नाही. कुलूप लावलंयस खरं, पण दुसऱ्याच्या दाराला. आणि ऑटोइंडेक्स, म्हणजे फोल्डरची यादी दाखवणं, मुळात बंद असतं, ते कुणी चालू केलं?

ओंकार ए-४०१: फाइल्स पोचतायत का बघायला मीच. बंद केलं.

मानसी बी-२०१: सर्च इंजिनांसाठी असते त्या रोबोट्स फाइलमध्ये 'इकडे येऊ नका' लिहिलं तर?

नेहा बी-३०३: ती विनंती असते. ऐकणारे ऐकतात. बाकीच्यांना उलट फोल्डरचं नाव आयतं मिळतं. फॅन्सी ड्रेसमध्ये सगळ्यांची लहान मुलं आहेत, यात चालढकल नको. एनजिनएक्समध्येच अख्ख्या साइटला पासवर्ड लाव, फक्त गॅलरीच्या पानाला नको. आणि आधी एचटीटीपीएस, म्हणजे सुरक्षित जोडणी, कर. साध्या जोडणीवर हा पासवर्ड जवळजवळ उघडाच जातो.

ओंकार ए-४०१: त्यासाठी लेट्स एनक्रिप्ट या संस्थेचं सर्टिफिकेट घेतलंय ताई. ९० दिवसांचं आहे, सर्टबॉट हा प्रोग्रॅम आपोआप नवं करतो. फायरवॉलमध्ये ८० नंबरचा पोर्टही उघडा ठेवलाय, नूतनीकरणाची तपासणी तिथूनच होते.

कुलकर्णी काका (सेक्रेटरी): उत्तम. पासवर्ड नोटीस बोर्डावर लावतो.

नेहा बी-३०३: काका, नको!! कुरिअरवाले, सेल्समन सगळे तिथेच उभे असतात. घरोघरी चिठ्ठी द्या.

शिंदे काकू बी-१०२: ओंकार, आरतीचे माझे फोटो आडवे का दिसतात रे? फोनमध्ये तर नीट उभे आहेत.

ओंकार ए-४०१: काकू, फोटोत घराचं लोकेशन लपलेलं असतं, ते जावं म्हणून सगळ्या फोटोंची एक्झिफ, म्हणजे फाइलमध्ये दडलेली, माहिती पुसली.

नेहा बी-३०३: फोटो उभा की आडवा हेही त्याच माहितीत लिहिलेलं असतं. मूळ फोटो परत घे आणि एक्झिफटूल या प्रोग्रॅमने फक्त जीपीएस (लोकेशन) काढ, बाकी राहू दे.

ओंकार ए-४०१: मूळ फोटो माझ्या हार्ड डिस्कवर आहेत, रात्री परत चढवतो. कॉन्फिग बदललंय. 'एनजिनएक्स -टी' मारून तपासलं, मगच रीलोड केलं. नेहाताई, आता बघा.

नेहा बी-३०३: फोटोच्या थेट पत्त्यावर ४०१, म्हणजे 'आधी लॉगिन करा', आलं. छान. आता फोटो येऊ देत.

देसाई काका (खजिनदार): सर्व्हरच्या भाड्याचं बिल मला पाठव, पुढच्या मीटिंगला ठेवतो.

शिंदे काकू बी-१०२: आणि परत चढवशील तेव्हा आरतीतला तो दुसरा फोटो वगळ बाई. माझे डोळे मिटलेत.

ओंकार ए-४०१: बाई नाही काकू, ओंकार 😄 वगळतो. त्याची छोटी प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये बनलेली आहे, तीही उडवतो.