ग्रिडला मराठीत काय म्हणायचं: जाळं, संजाल की ग्रिडच?

शब्दवेल्हाळ
आठवी-नववीच्या मुलांसाठी एका पुस्तिकेचं मराठीकरण करते आहे. विषय आहे देशाची वीजयंत्रणा कशी चालते हा. पहिल्याच पानावर अडले. मी लिहिलं होतं, ‘राष्ट्रीय ग्रिड म्हणजे देशभर पसरलेलं वीजवाहिन्यांचं जाळं.’ आमचे मामा नोकरीभर विजेच्या खात्यात होते. त्यांनी ‘जाळं’ या शब्दावर काट मारली. त्यांचं म्हणणं, तारा म्हणजे ग्रिड नव्हे. तारा जागच्या जागी असतात आणि ग्रिड गेलेली असते. मग काय लिहू विचारलं तर म्हणाले, ग्रिडच लिही. संपादकांना मात्र परभाषेतला शब्द शक्यतो नको आहे. कोणता घ्यावा? आणि ग्रिडच ठेवला तर तो, ती की ते?

खनित्र
जाळं बरोबर आहे, आणि मुळाला धरून आहे. इंग्रजीतला ग्रिड हा ‘ग्रिडआयर्न’चा तुटलेला तुकडा. ग्रिडआयर्न म्हणजे विस्तवावर मांस-मासे भाजायची लोखंडी जाळी. ब्रिटनमध्ये १९२६ च्या कायद्यानंतर सुटी सुटी वीजकेंद्रं १३२ केव्हीच्या (केव्ही म्हणजे हजार व्होल्ट) वाहिन्यांनी जोडायला घेतली, त्या योजनेला हे नाव चिकटलं. म्हणजे मूळ शब्दाच्या पोटातच जाळी आहे. मामांचा आक्षेप मराठीवर असेल तर तो इंग्रजीवरही आहे.

तरीही नेमका शब्द हवाच असेल तर ‘विद्युत्संजाल’ घ्या. जनरेटरला जनित्र, ट्रान्सफॉर्मरला रोहित्र हे शब्द आपण घडवले आणि ते टिकले. हाही टिकेल.

रोखठोक
जनित्र कुठे टिकलं? लग्नाच्या हॉलवर जनरेटर असतो. रोहित्र महावितरणच्या पत्रकात आणि बातमीत भेटतं, गावात ‘डीपी जळाली’ म्हणतात. आठवीच्या मुलाला आधी वीज कळू दे. ग्रिड लिहा आणि पुढे चला.

पारेषण_निवृत्त
मामांच्या बाजूने थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे शब्दाआधी वस्तू समजून घ्यायला हवी.

वीज मोठ्या प्रमाणावर साठवता येत नाही. बॅटऱ्या आणि उदंचन (पाणी वर चढवून ठेवणारे) प्रकल्प सोडले तर ज्या क्षणी जेवढी वापरली जाते, त्या क्षणी तेवढीच तयार व्हावी लागते. तुम्ही पंख्याचं बटण दाबता तेव्हा तो भार कुठल्या तरी यंत्राने तत्काळ उचललेला असतो. एकाच यंत्राने नव्हे, थोडाथोडा सगळ्यांनी. चंद्रपूरचे कोळशावरचे सेट (जनित्रसंच), कोयनेची पाण्यावरची यंत्रं, पंजाबातली, तामिळनाडूतली, सगळी एकाच ठेक्यात फिरत असतात. आपल्या प्रवाहाची सेकंदाला ५० आवर्तनं होतात. दोन ध्रुवांचं औष्णिक जनित्र त्यासाठी मिनिटाला ३००० फेरे घेतं. पाण्यावरचं हळू फिरतं, पण त्याला ध्रुव जास्त असतात, म्हणून त्याचीही आवर्तनं ५०च. नवा सेट जोडताना त्याचा दाब (व्होल्टेज), वारंवारता (सेकंदाची आवर्तनं) आणि फेज (आवर्तनाची वेळ) चालू ग्रिडशी जुळेपर्यंत ब्रेकर लावतच नाहीत. आम्ही त्याला ‘सेट सिंक केला’ म्हणायचो.

मागणी वाढली की सगळ्या यंत्रांचा वेग किंचित उतरतो आणि वारंवारता ५० च्या खाली जाते. मग वाफेच्या आणि पाण्याच्या झडपा जास्त उघडतात. मागणी घटली की उलट. ४९.९० ते ५०.०५ या पट्ट्यात ती ठेवायची, हा नियम आहे. दिल्लीचं राष्ट्रीय, मुंबईचं पश्चिम विभागाचं आणि ऐरोलीचं राज्याचं भार प्रेषण केंद्र (लोड डिस्पॅच सेंटर) यासाठी चोवीस तास जागं असतं. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडतात, आणि कोणी किती वीज बनवायची, कोणी किती घ्यायची हे तुकड्यागणिक ठरतं.

५ एप्रिल २०२० आठवा. रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे मालवून पणत्या लावल्या होत्या. तेव्हा देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॅटने घसरली आणि लगेच परत चढली. जलविद्युत केंद्रांनी आपली निर्मिती झपाट्याने उतरवली आणि चढवली. वारंवारता ४९.७० ते ५०.२६ च्या बाहेर गेली नाही. त्या रात्री जे सांभाळलं ते ग्रिड. तारांना काही करायचंच नव्हतं. हे सगळं ‘जाळं’ या शब्दात बसत असेल तर बसवा.

काळीमाती
काका, फार नीट सांगितलंत. आमच्या आज्याच्या वेळी काळ्या रानात आठबैली नांगर चालायचा, त्याच्या गोष्टी ऐकल्यात. फाळ ढेकळात रुतला की आठही बैल एकदम मंदावायचे, एकटा कुठला मागं पडायचा नाही, कारण सगळे एकाच साखळीला. तुमची वारंवारता म्हणजे त्या बैलांची चाल. मुलांना हे कळेल.

पण एक सांगतो. आमच्याकडे ग्रिडही म्हणत नाहीत आणि वीजही म्हणत नाहीत. म्हणतात लाईट. ‘लाईट आली का?’ याचा अर्थ दिवा लागला का असा नसतो, मोटरीला थ्री फेज आली का असा असतो. घरात बल्ब जळत असतो आणि माणूस म्हणतो, ‘लाईट नाही, सिंगल फेज आहे.’ आठवड्याच्या पाळीत रात्रीची लाईट असली की थंडीत दार धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, रात्रीच जावं लागतं. पुस्तिका शेतकऱ्यांच्या पोरांच्याही हातात पडणार असेल तर हा शब्द त्यात यायला पाहिजे.

विज्ञानशिक्षिका
‘लाईट’ हवाच. आणखी एक अडचण. काकांनी ‘वारंवारता’ लिहिलं. विश्वकोशात ‘कंप्रता’ आहे, हिंदीत ‘आवृत्ती’. मुलं वारंवारता गणितात सांख्यिकीत शिकतात आणि मग विजेची वारंवारता म्हटलं की गोंधळतात. मी वर्गात ‘सेकंदाला किती आवर्तनं’ असंच म्हणते. ‘भार’ तर त्याहून अवघड. मुलांना भार म्हणजे वजन. विजेचा भार म्हणजे मागणी हे डोक्यात बसायला वेळ लागतो, आणि विद्युतप्रभारही (चार्ज) जवळच उभा असतो.

रोखठोक
भारावरून आठवलं, ‘भारनियमन’ हा शब्द मला कधीच पटला नाही. लोडशेडिंग म्हणजे भार टाकून देणं, माणसांची वीज बंद करणं. त्याला नियमन म्हटलं की शिस्तीचं काहीतरी चाललंय असं वाटतं. भारकपात म्हणायला हवं होतं. ज्या वर्षांत गावं रोज दहा-दहा, बारा-बारा तास अंधारात होती, तेव्हा लोक लोडशेडिंगच म्हणत होते, कारण त्या शब्दाने त्यांना फसवलं नाही.

पारेषण_निवृत्त
इथे माझं मत वेगळं आहे. मागणी निर्मितीच्या वर गेली आणि काहीच केलं नाही तर वारंवारता घसरत राहते. एका मर्यादेखाली यंत्रं स्वतःला वाचवायला आपोआप सुटी होतात. एक सुटलं की उरलेल्यांवर जास्त भार, मग तीही सुटतात. म्हणून काही फीडर (एकेका भागाला वीज पोचवणाऱ्या वाहिन्या) आधीच बंद करून बाकीचे वाचवतात. नियमन हा शब्द त्या अर्थाने खरा आहे. कोणते फीडर आणि कोणाच्या गावाचे, याबद्दल तुमचा राग असेल तर तो मला मान्य आहे. पण तो राग शब्दावर काढू नका.

रोखठोक
काका, कोणाचं गाव हाच तर प्रश्न आहे, आणि ‘नियमन’ हा शब्द तोच झाकतो.

खनित्र
मूळ विषय शब्दघडणीचा आहे, तिकडे येऊ. वर रोहित्र-जनित्रांना ‘पत्रकातले’ म्हटलं गेलं. ‘इत्र’ हा प्रत्यय जुना आणि जिवंत आहे. पाणिनीचं सूत्र आहे ३.२.१८४, ‘अर्तिलूधूसूखनसहचर इत्रः’. त्यातून अरित्र म्हणजे वल्हं, लवित्र म्हणजे विळा, खनित्र म्हणजे कुदळ. (माझं इथलं नावही त्यातलंच.) या यादीत जन् नाही आणि रुह्ही नाही, पण जनित्र ऋग्वेदात आहे, जन्मस्थान या अर्थी. वीज जिथे जन्मते ते जनित्र, याहून नेमकं काय हवं? रोहित्र मी रुह्, म्हणजे चढणे, यावरून लावतो. दाब चढवणारं ते रोहित्र.

विज्ञानशिक्षिका
पण गल्लीतलं रोहित्र दाब उतरवतं. ११ केव्हीची वीज घरापर्यंत २३० व्होल्टवर आणतं. वीजकेंद्राच्या अंगणातलं तेवढं चढवतं.

खनित्र
नाव पहिल्या कामावरून पडतं. आधी चढवल्याशिवाय उतरवणार काय?

पारेषण_निवृत्त
चढवण्याचं कारणही पुस्तिकेत द्या, ते फार सुंदर आहे. तीच वीज दहापट दाबाने पाठवली की तारेतला प्रवाह एक दशांश होतो. तार तापून जी वीज वाया जाते ती प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत, म्हणून ती शंभरावा हिस्सा उरते. म्हणूनच ४०० आणि ७६५ केव्हीचे मनोरे उभे राहिले. चंद्रपूरहून पडघ्याला येणारी ५०० केव्हीची वाहिनी तर साडेसातशे किलोमीटर लांब आहे आणि तिच्यातून दिष्ट प्रवाह (डीसी, एकाच दिशेने वाहणारा) येतो. ‘पारेषण’ या शब्दात हे सगळं आहे, पार पोचवणं.

खनित्र
शब्द मलाही आवडतो, पण फोड ‘पार + एषण’ अशी करू नका. अ आणि ए मिळून ऐ होतो, सदा + एव = सदैव. मग ‘पारैषण’ व्हायला हवं होतं. ‘पार + ईषण’ धरलं तरच पारेषण जुळतं. ‘प्रेषण’ची घडण वेगळी आहे. भार प्रेषण आणि महापारेषण (राज्याची पारेषण कंपनी) यांतला फरक निम्म्या बातम्यांत पुसला जातो.

बेळगावकर
शब्दांच्या सीमांवर बोलताय, तर खरी सीमा सांगतो. आम्ही बेळगावात ‘करंट गेला’ म्हणतो, कन्नडच्या शेजाराने. कोल्हापूर इथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. पण बेळगाव दक्षिण ग्रिडमध्ये आणि कोल्हापूर पश्चिम ग्रिडमध्ये, आणि ३१ डिसेंबर २०१३ पर्यंत या दोन ग्रिड एका ठेक्यात फिरतच नव्हत्या. आमची वारंवारता वेगळी, त्यांची वेगळी. मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या ठिकाणी प्रवाह आधी दिष्ट करायचा, मग पलीकडे पुन्हा प्रत्यावर्ती (एसी, दिशा बदलत राहणारा) करायचा, अशी देवघेव चाले. त्या दिवशी सोलापूर-रायचूर ७६५ केव्ही वाहिनी जोडली आणि पाचही विभाग एक झाले. ज्यांना ग्रिड म्हणजे तारा वाटतात त्यांनी हे बघावं. तार जोडलेली असून ग्रिड दोन असू शकतात.

शब्दवेल्हाळ
हे फारच उपयोगी. म्हणजे ‘एका ठेक्यात फिरणारी यंत्रं’ हा व्याख्येचा गाभा. मग २०१२ साली जुलैत अर्धा देश अंधारात गेला तेव्हा महाराष्ट्र का वाचला?

पारेषण_निवृत्त
३० जुलैला पहाटे अडीचच्या सुमाराला उत्तर ग्रिड गेली. ती परत उभी केली, तर ३१ ला दुपारी एकच्या सुमाराला उत्तर, पूर्व आणि ईशान्य तिन्ही गेल्या. जवळपास साठ कोटी लोकांचा मुलूख. पश्चिमेत पावसामुळे मागणी कमी होती, उत्तरेत ओढ प्रचंड, आणि मधल्या वाहिन्या काठोकाठ भरलेल्या. बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही वाहिनी ट्रिप झाली (आपोआप सुटली), तिचा भार दुसरीकडे गेला, तिथल्याही वाहिन्या सुटल्या. पश्चिम ग्रिड बाकीच्यांपासून तुटली आणि म्हणूनच वाचली. पण बाहेर जाणारी वीज अंगावर राहिल्याने आपली वारंवारता ५१ च्याही वर गेली, आणि निर्मिती घाईने उतरवावी लागली. दक्षिण तेव्हा ठेक्यात नव्हतीच, तीही वाचली.

असं तुटून वेगळं टिकण्याला आम्ही ‘आयलंडिंग’ म्हणतो. मुंबईसाठी तशी व्यवस्था कित्येक वर्षांपासून आहे. १२ ऑक्टोबर २०२० ला मात्र मुंबईचं ते बेट टिकलं नाही, लोकल जागेवर थांबल्या.

खनित्र
आयलंडिंगला ‘द्वीपन’.

रोखठोक
‘बेट करणं’ म्हणा ना. काका आत्ताच म्हणाले, ‘मुंबईचं बेट’. सहज आलं तोंडात. द्वीपन ऐकून कोणाला कळणार? उदंचनचंच बघा. घाटघरच्या प्रकल्पाचं नाव उदंचन जलविद्युत, आणि ते कळायला कोश काढावा लागतो.

खनित्र
उदंचन म्हणजे पाणी वर ओढणं. रात्री स्वस्त विजेने पाणी वरच्या तलावात चढवायचं आणि संध्याकाळी सोडून वीज घ्यायची. एका शब्दात सगळी क्रिया आली. न कळणं हा शब्दाचा दोष नाही, कोणी शिकवलं नाही हा आहे. ‘पंप्ड स्टोरेज’ तरी कोणाला शिकवल्याशिवाय कळतं?

काळीमाती
उदंचन मला आवडला. आम्ही विहिरीचं पाणी शेततळ्यात चढवतो तेच की. बोर्डावर लिहून खाली दोन ओळी अर्थाच्या दिल्या असत्या तर आत्तापर्यंत बोलण्यात आला असता.

शब्दवेल्हाळ
सगळ्यांचे मनापासून आभार. वाक्य असं केलं आहे: ‘देशभरातली वीज बनवणारी यंत्रं वाहिन्यांनी एकमेकांना जोडलेली असतात आणि एकाच ठेक्यात फिरतात, या जोडलेल्या, चालत्या यंत्रणेला ग्रिड म्हणतात.’ पुढे ग्रिड हाच शब्द राहील, संपादकांशी मी बोलेन. लिंगाचं अजून ठरलं नाही. काका आणि बेळगावकर दोघंही ग्रिड ‘ती’ धरून लिहितात. बातम्यांत ‘कोसळले’ असतं. आणि ऱ्हस्व की दीर्घ?

खनित्र
दीर्घ. अकारान्त शब्दातला उपान्त्य इकार मराठीत दीर्घच. ग्रीड.

विज्ञानशिक्षिका
ग्रीड लिहिलं तर इंग्रजी माध्यमातली मुलं ‘हाव’ वाचतील. ऱ्हस्व ठेवा. उच्चारही ऱ्हस्वच आहे.

खनित्र
नियम मराठीचा आहे, इंग्रजी माध्यमाचा नाही. आणि जाळं लिहिलं असतं तर हे दोन्ही प्रश्न आलेच नसते. ते जाळं, नपुंसकलिंगी, ळ ला अनुस्वार, वाद नाही.

पारेषण_निवृत्त
नियंत्रण कक्षात पस्तीस वर्षं ‘ती’ ऐकली. ग्रिड आली, ग्रिड गेली, ग्रिड सांभाळली. लाईटही ती, वीजही ती. माझ्याकडून ‘ते ग्रिड’ लिहिलं जाणार नाही.

बेळगावकर
आणि आमचा करंट ‘तो’, त्याचं काय करायचं?