मदत हवी आहे: सासूबाईंची मिसरी उपवासकाळात सुटते, ईस्टरला परत सुरू

मिरजची_सून

नमस्कार. धागा चुकीच्या विभागात असेल तर ॲडमिननी हलवावा. आम्ही ख्रिस्ती आहोत आणि प्रश्नात देवाधर्माचा भाग आहे. 'श्रद्धा की विज्ञान' हा वाद कृपया इथे नको, त्याला वेगळे धागे भरपूर आहेत.

सासूबाई साठीच्या पुढच्या. मिसरी लग्नाआधीपासूनची. निपाणीकडची तंबाखू आणवतात, तव्यावर काळी होईस्तोवर भाजतात, कुटून वस्त्रगाळ करून डबीत भरतात. हे काम दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. त्या दिवशी घरभर ठसका, मुलं गॅलरीत. सकाळी उठल्या उठल्या एकदा, दोन्ही जेवणांनंतर, दुपारच्या झोपेनंतर. रात्री शास्त्र (बायबल) वाचायला बसायच्या आधी मात्र खळखळून चूळ भरतात. शास्त्र उघडताना तोंड स्वच्छ पाहिजे, हा त्यांचा स्वतःचा नियम.

दरवर्षी राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, डबी कपाटाच्या वरच्या फळीवर जाते. उपवासाचे ४० दिवस, त्यात न धरलेले रविवार मिळवले तर ४६, पण त्या रविवारीही हात लावत नाहीत. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखतं, पोट साफ होत नाही, भांडी जरा जोरात आपटतात. मग सगळं ठीक. आणि ईस्टरची पहाटेची उपासना आटोपून घरी आलं की चहाच्याही आधी डबी खाली!

इथवर आम्ही हसण्यावारी न्यायचो. यंदा ईस्टरनंतर उज्जीवन सभा झाल्या. बाहेरून आलेल्या वक्त्यांनी सांगितलं, विश्वास खरा असेल तर व्यसन त्याच क्षणी गळून पडतं. सासूबाई रडत पुढे गेल्या, डोक्यावर हात ठेवून प्रार्थना झाली, डबी तिथेच देऊन आल्या. थोडे दिवस टिकलं. मग एका सकाळी स्वयंपाकघरातून तोच वास.

तेव्हापासून त्यांनी प्रभुभोजन (येशूच्या शेवटच्या भोजनाची आठवण म्हणून उपासनेत घेतात ती भाकर आणि द्राक्षारस) घेणं सोडलंय. सगळे वेदीपाशी जातात, या बाकावर मान खाली घालून बसून राहतात. विचारलं तर "मी त्या लायकीची नाही" एवढंच. मिसरीपेक्षा मला हे जास्त लागलंय. देवळात (चर्चमध्ये) येणाऱ्या बायकाही आता विचारायला लागल्यात.

नवरा म्हणतो, या वयात काय सुटणार. नणंद बोलली तर फोन ठेवून देतात. मी सून, मी बोलले की त्याचा वेगळाच अर्थ निघतो.

ज्या बाईला सहा आठवडे जमतं तिला पुढे का जमत नाही? कुणाच्या घरी असं सुटलंय का, आणि त्यात श्रद्धेचा नेमका काय उपयोग झाला? "प्रार्थना करा, होईल सगळं ठीक" हे उत्तर नको. ते रोज करतोच.

दातांची_डॉक्टर

आधी तोंड तपासून घ्या. गालाच्या आत, हिरडीवर किंवा जिभेखाली पांढरा चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड कमी उघडणं, यातलं काहीही असेल तर थांबू नका.

निकोटिन सोडल्याचा त्रास पहिल्या दोन-तीन दिवसांत सगळ्यात जास्त असतो आणि तीन-चार आठवड्यांत बराच उतरतो. म्हणजे ईस्टरला सासूबाई डबी काढतात तेव्हा शरीर फारसं मागत नसतं. मागते ती वेळ. पोटाचं म्हणाल तर त्या खोटं बोलत नाहीत. निकोटिनने आतडी हलतात, सोडलं की काही दिवस अडतं. रात्री इसबगोल आणि दिवसभर पुरेसं पाणी एवढ्याने बहुतेकांचं भागतं. तंबाखू सोडण्यासाठी सरकारचा मोफत फोन आहे, १८००-११-२३५६. गरज पडली तर निकोटिनच्या गोळ्या-च्युइंगमही मिळतात, पण डॉक्टरला विचारून.

खानापूरकर

एवढं काय त्या मिसरीचं. आमच्या आजीने नव्वदीपर्यंत लावली.

दातांची_डॉक्टर

नव्वदीपर्यंत पोचलेल्या आज्या सगळ्यांना आठवतात. न पोचलेल्या माझ्याकडे येतात.

आजपुरतं

मी दारूतला. मंडळीतलाच (चर्चचाच) माणूस, वाळव्याकडचा. प्रार्थनेने एका रात्रीत सुटलेले लोक मी पाहिलेत, नाही म्हणत नाही. पण ज्यांचं तसं सुटत नाही त्यांना 'विश्वास कमी पडला' म्हणणं हा अन्याय आहे. बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या ७व्या अध्यायात ते लिहिणारा प्रेषित पौल स्वतःच म्हणतो की जे करायचं नाही तेच माझ्या हातून होतं. पौलाचा विश्वास कमी होता का?

मला उपयोग झाला तो एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा गट) सभांचा. ती चळवळ १९३५ साली अमेरिकेत सुरू झाली, सुरुवातीची माणसं एका ख्रिस्ती गटातून आलेली. आपली चूक दुसऱ्या माणसाला तोंडाने सांगायची, ही पद्धत तिथलीच. याकोबाच्या पत्रात (५:१६) तेच आहे, एकमेकांजवळ कबुली द्या आणि एकमेकांसाठी प्रार्थना करा. त्यातलं 'एकमेकांजवळ' आपण गाळतो आणि एकटेच देवाशी बोलत बसतो. तुमच्या महिला मंडळात मिसरी लावणारी दुसरी बाई असणारच. तिला शोधा. दोघींनी सकाळी पहिल्या तल्लफेच्या वेळी एकमेकींना फोन करायचा. सुनेने सांगून जे होत नाही ते मैत्रिणीने होतं.

निवृत्त_पाळक

ताई, आधी प्रभुभोजनाचं बोलतो. करिंथच्या मंडळीला 'अयोग्य रीतीने खाऊ नका' असं पौल पत्रात रागावला, कारण खाऊनपिऊन सुखी लोक आधीच उरकून घेत आणि गरीब उपाशी राहत. तंबाखूवाल्यांना दूर ठेवण्यासाठी ते लिहिलेलं नाही. स्वतःची परीक्षा करा आणि मग खा, असंच तो सांगतो. 'मग बाकावर बसून राहा' असं नाही. येशूच्या शेवटच्या भोजनाच्या रात्री त्याचा शिष्य पेत्रही मेजावर होता, आणि कोंबडा आरवायच्या आत त्याने येशूला तीनदा कसं नाकारलं ते सासूबाईंना पाठ असेल. तुमच्या पाळकांना घरी बोलवा. मिसरी सुटायची वाट न पाहता त्यांना मेजाकडे परत आणा.

दुसरं, मत्तयाच्या शुभवर्तमानातलं (अध्याय १२) झाडून ठेवलेलं रिकामं घर आठवा. माणसातून निघून गेलेला अशुद्ध आत्मा परत येतो तो घर रिकामं सापडतं म्हणून. उपवासकाळात दिवसाला काय काय असतं आणि ईस्टरला त्यातलं काय बंद पडतं, ते बघा. आमच्या मंडळीत काही जणी ईस्टरपासून पुढचे ५० दिवस, पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत, तोच क्रम चालू ठेवतात.

मिरजची_सून

सगळ्यांचे आभार. पाळकसाहेब, तुमचं वाचून डोक्यात प्रकाश पडला. उपवासकाळात पहाटे साडेपाचची प्रार्थना असते, सासूबाई शेजारच्या मावशींबरोबर चालत जातात. परत येईपर्यंत सात. म्हणजे मिसरीची मुख्य वेळ रस्त्यात आणि देवळात जाते. एरवी त्या वेळी मी डब्यांत असते आणि त्या मोरीपाशी एकट्या. मावशींना विचारलं, त्या वर्षभर चालायला एका पायावर तयार आहेत. आणि (हे मला आजच कळलं) त्याही लावतात!

आमचे पाळक शनिवारी येतायत. डॉक्टर, तोंड तपासायला 'कवळीचं माप घ्यायचंय' म्हणून नेऊ का? खरं सांगितलं तर येणार नाहीत अशी भीती वाटते.

दातांची_डॉक्टर

खरं सांगून न्या. मापाला म्हणून आणलेल्या बायका दिवसातून किती वेळा लावतात ते सांगत नाहीत, आणि डॉक्टरला तेच विचारायचं असतं. मावशींनाही घेऊन जा, दोघींचं एकदमच होईल.