मदत हवी आहे: चेलो आणि आफ्रिकन वाद्याचा सूर जुळत नाहीये, कार्यक्रम १९ दिवसांवर

केपटाऊनकर:
नमस्कार मंडळी, जरा घाईत लिहितोय. मी १४ वर्षं चेलो वाजवतोय, पूर्ण वेस्टर्न क्लासिकल. आता इथल्या एका पारंपरिक वादक बाईंबरोबर एक एकत्र कार्यक्रम ठरलाय आणि चार रिहर्सल झाल्या तरी सूर काही केल्या बसत नाहीये. दोघंही आपापल्या जागी बरोबर वाजवतो, एकत्र आलो की कानाला खुपतं. वर ताल पण सुटतो माझा, त्या मोजतच नाहीत बहुतेक. कुणी असं फ्यूजन केलं असेल तर प्लीज लवकर सांगा.

आडताल:
अहो आफ्रिका म्हणजे ५४ देश. वाद्य कोणतं ते तर सांगा. तालाचं म्हणाल तर सोपं आहे, त्यांचं सगळं तीनास दोन असतं, म्हणजे आपली आडी लय, दीडपट. मी ३० वर्षं तबला वाजवतोय, रोज अर्धा तास हाताने दोन आणि तोंडाने तीन असा दादरा धरा, आठवड्यात बसेल.

शब्दवेडी:
एबेल सेलाओको ऐकलात का? दक्षिण आफ्रिकेतल्या सेबोकेंगचा चेलोवादक, सोवेटोत शिकला, मग मँचेस्टरच्या रॉयल नॉर्दर्न संगीत महाविद्यालयात गेला. चेलो वाजवतानाच गातो, तिकडच्या खोसा समाजातल्या बायका गातात तसा घशातला आवाज काढतो, आणि त्याच बैठकीत बाखही वाजवतो. २०२२ चा त्याचा अल्बम मी रात्रभर ऐकला होता. त्याच्यासारखं करा.

केपटाऊनकर:
शब्दवेडी, सेलाओको ऐकूनच तर हे डोक्यात आलं, पण तो स्वतःच गातो आणि स्वतःच वाजवतो, त्याला दुसऱ्याशी जुळवायचं नसतं. वाद्य उहादी आहे, खोसा लोकांचं. मला वाटलं सगळ्यांना माहीत असेल. मामा ईस्टर्न केपच्या आहेत.

नाशिकची_सई:
मामा म्हणजे पुरुष का? वर बाई लिहिलंय म्हणून विचारलं.

केपटाऊनकर:
इकडे मामा म्हणजे आई, मोठ्या बायकांना मानाने तसंच म्हणतात.

रतनपूर_फेरी:
उहादी म्हणजे धनुष्यच ना, एक तार, खाली भोपळा? मग आपल्या देशातही तेच आहे! गुजरातेत भरूचजवळ रतनपूरला मूळचे आफ्रिकेतले सिद्दी लोक असंच धनुष्य, मलुंगा, वाजवतात. मी तिकडे दर्ग्यावर गेलो होतो तेव्हा ऐकलंय. यावर कुणी काही का लिहीत नाही?

मिरजेची_तार:
रतनपूर, वेगळा धागा काढा, मी नक्की येईन. केपटाऊनकर, तीन गोष्टी सांगा. एक, ट्यूनर लावून मामांच्या तारेचे दोन्ही सूर किती येतात? दोन, मामा वाजवताना गातात का? तीन, स्टेजवर अजून कोणतं वाद्य आहे?

केपटाऊनकर:
आजच मोजले. मोकळी तार सी च्या ४० सेंट (अर्ध्या स्वराचे १०० सेंट) खाली, अंगठ्याने दाबल्यावरचा सूर डी च्या साधारण ३५ खाली. हो, गातात, गाणंच मुख्य आहे. आणि हो, पियानो आहे, सांगायचं राहिलं. मी चेलो पियानोच्या सुराला, म्हणजे ए ४४० हर्ट्झला लावतो.

मिरजेची_तार:
अहो हेच आधी सांगायचं होतं ना!

आमच्याकडे तीन पिढ्या तंबोरे जुळवतात, चेलो मला येत नाही, तारेचं मात्र बोलू शकते. तुम्ही मामांची तार खाली गेलीय असं धरून चाललाय. गेलेली नाही. मामा ती आपल्या गळ्याला लावतात, गवय्याची पट्टी असते तशी. दुसरं म्हणजे उहादीचे मूळ सूर दोनच, पण कान तिथे नसतो. काडीने तार छेडत भोपळ्याचं तोंड छातीजवळ नेतात, दूर नेतात, आणि त्यातून वरचे स्वर निघतात. गाणं त्या वरच्या स्वरांत आहे. तंबोऱ्याच्या खर्जातून स्वयंभू, म्हणजे न छेडता आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो ना, तोच इथे. फक्त इथे षड्ज दोन, म्हणून गंधारही दोन. सी वरून सी, ई, जी. डी वरून डी, एफ शार्प, ए. झाले सहा स्वर, त्यांचं सगळं गाणं यात फिरतं.

आता हा स्वयंभू गंधार पियानोच्या ई पेक्षा १४ सेंट खाली असतो. म्हणजे ४० सेंटचा फरक मिटवला तरी पियानो तिथे खुपणारच. म्हणून पियानो त्या तुकड्यात बंद.

आडताल:
एवढ्यासाठी पियानो कशाला बंद? मामांना सांगा तार थोडी ताणा, ४० सेंट म्हणजे अर्धा स्वरही नाही.

शब्दवेडी:
आडताल काका, गळ्याचं काय? त्यांचं वय काय असेल, चढ्या पट्टीत गाऊन घसा बसला तर? चेलो उतरू शकतो, माणूस का चढवायचा?

आडताल:
मी फक्त पर्याय सांगितला. गायकीबद्दल मला सांगू नका.

चारतारी:
मी पुण्यात चेलो शिकवते. मिरजेची_तार यांचं सगळं पटलं आणि गंमत अशी की तुमच्या चेलोत सी आणि डी या मोकळ्या तारा आहेतच! चारही तारा ४० सेंट खाली आणा, घाबरू नका, कोडायने १९१५ च्या सोलो सोनाटात खालच्या दोन तारा अर्धा स्वर उतरवल्यात, बाखच्या पाचव्या सुईटमध्ये ए ची तार पूर्ण एक स्वर खाली जी ला येते. मग बोट दाबून वाजवूच नका. नटपासून (तार वर जिथे टेकते ती पट्टी) तारेच्या एक पंचमांश लांबीवर, फुल साइझला साधारण १४ सेंटीमीटरवर, बोट नुसतं टेकवा. सी वर ई मिळेल, डी वर एफ शार्प, आणि दोन्ही मामांच्याच उंचीचे, कारण निसर्ग तोच. सप्तक वरखाली असलं तरी चालेल. व्हायब्रेटो अजिबात नको, बो (गज) फिंगरबोर्डच्या, म्हणजे बोटं ठेवायच्या पट्टीच्या वर, हलका. उहादी फार नाजूक वाजते, तुमच्या चेलोखाली ती गुदमरत असणार.

केपटाऊनकर:
गुदमरते! मामा परवा दोनदा हात थांबवून माझ्याकडे बघत होत्या, मला वाटलं माझा ताल चुकला. पण कार्यक्रमात आधी बाखचं सारबांद (एक संथ रचना) आहे, ते मी एकटाच वाजवतो, मध्येच चेलो कसा उतरवू?

चारतारी:
बाखही उतरवूनच वाजवा. एकट्या चेलोला ४४० ची सक्ती कुणी केली? बरोक वाजवणारे आज सर्रास ४१५ ला लावतात, ते तर अर्धा स्वर खाली. आजच उतरवा आणि १९ दिवस तसाच ठेवा म्हणजे तारा स्थिरावतील.

सुरेल_आई:
माझी मुलगी ८ वर्षांची आहे, तिला चेलो शिकवायचाय. हाफ साइझ घ्यावा की क्वार्टर? भाड्याने मिळतो का?

चारतारी:
सुरेल_आई, उंची आणि हाताची लांबी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, आधी भाड्यानेच घ्या.

घुमटी:
तालाबद्दल कुणी नीट बोललं नाही. आडताल, आडी लयीत आपण एका समेला धरून दीडपट करतो. खोसा गाण्यात आवाज वेगवेगळ्या जागी शिरतात, एकाचं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू, आणि काडीचे ठोके गाण्याच्या ओळीखाली आपल्या वाटेने चालतात. तिथे सम शोधत बसलं की हरवणारच. केपटाऊनकर, काडी मोजू नका, मामा श्वास कुठे घेतात ते बघा. शक्यतो एक ओळ स्वतः गायला शिका, चेलो खाली ठेवून.

आडताल:
समेशिवाय लय असते हे मला मान्य नाही. पण गायला शिकण्याचं बरोबर आहे, आम्हालाही गुरुजींनी आधी बोल पाठ करायला लावले होते.

केपटाऊनकर:
(पाच दिवसांनी) चेलो उतरवला, पियानोवाल्या मित्राला तीन फोन करून समजावलं, तो आता फक्त शेवटच्या तुकड्यात येतो, आणि त्या तुकड्यात मामा नाहीत. काल मी सी च्या तारेवर बोट टेकवून तो ई धरला आणि मामांनी भोपळा छातीपासून थोडा लांब केला, तर एक क्षण मला कळेनाच की स्वर कुणाचा येतोय. अंगावर काटा आला. मामा हसल्या आणि ओळ परत पहिल्यापासून घेतली. गाण्याची एक ओळ शिकतोय, त्यातलं टाळूवर जीभ आपटून काढायचं ते व्यंजन जमत नाहीये अजून.

आता माइकचं सांगा. हॉल २०० खुर्च्यांचा आहे आणि भोपळा सारखा हलतो.

मिरजेची_तार:
भोपळ्यावर काही चिकटवू नका, तो बंद उघड करण्यातच सगळं गाणं आहे. एकच माइक, मामांच्या समोर छातीच्या उंचीवर, दीडेक हात लांब, गळा आणि भोपळा दोन्ही त्यातच येऊ द्या. चेलोला माइक नको. आणि साउंडवाल्याला मामांसमोर बसवून आधी एकदा पूर्ण गाणं ऐकवा.