बायबलची टीका की चिकित्सा?

कोरांटी :
एका लेखाचं मराठी करते आहे. विषय असा : बायबल हे देवाचं वचन मानून वाचणारे एकीकडे, आणि ते इतर कुठल्याही प्राचीन ग्रंथासारखं तपासणारे विद्यापीठीय अभ्यासक दुसरीकडे. लेखात ओळीआड 'क्रिटिसिझम' येतो. टेक्स्चुअल क्रिटिसिझम, सोर्स क्रिटिसिझम, आणि सगळ्यात छळणारा 'हायर क्रिटिसिझम'. 'टीका' लिहावं तर वाचणाऱ्याला वाटणार, कुणीतरी बायबलला नावं ठेवतंय. 'समीक्षा' लिहिलं की रविवारच्या पुरवणीतलं पुस्तक परीक्षण डोळ्यांपुढे येतं. 'चिकित्सा' म्हटलं की दवाखाना. आणि 'हायर'चं काय करू? 'उच्च टीका'? वाचक ख्रिस्ती आहेत आणि बिगरख्रिस्तीही. दोघांनाही पटेल असा शब्द हवा.

सन्नन्त :
'टीका' हा मुळात भाष्याचाच शब्द. ज्ञानेश्वरी ही गीतेवरची टीका, आणि तिथे कुणी गीतेचे दोष काढत नाही. पण आज 'त्यांनी टीका केली' म्हटले की ठोकलेच असे आपण समजतो. हा अर्थ इतका मुरला आहे की जुना परत आणायचा खटाटोप फुकट जाईल.

'मीमांसा' सुचेल कुणाला, म्हणून आधीच सांगतो : नको. पूर्वमीमांसा वेदवाक्याचा अर्थ लावते, पण वेद प्रमाण आहे हे गृहीत धरूनच. श्रद्धावान माणूस शास्त्र वाचताना जे करतो ते मीमांसेच्या जवळचे. तुमच्या लेखातले अभ्यासक तेच गृहीत बाजूला ठेवतात. त्यांना 'चिकित्सा'च शोभते.

दवाखान्याची भीती बाळगू नका. चिकित्सा, मीमांसा, जिज्ञासा ही तिन्ही सन्नन्त रूपे, म्हणजे धातूला 'सन्' हा इच्छार्थी प्रत्यय लागून झालेली, एका घाटाची. आणि 'चिकित्से'ला 'वि' लावला की 'विचिकित्सा' होते, म्हणजे संशय. कठोपनिषदात नचिकेता यमाला विचारतो, 'येयं प्रेते विचिकित्सा मनुष्ये', मेलेल्या माणसाविषयी जो हा संशय आहे, कुणी म्हणतात तो असतो, कुणी म्हणतात नसतो. तपासणे आणि शंका घेणे एकाच धातूच्या पोटी आहेत. पुनरुत्थानावर वाद घालणाऱ्यांच्या लेखाला याहून नेमका शब्द मिळायचा नाही.

तळटीप :
'चिकित्सा' ला अनुमोदन. भांडारकर संस्थेच्या महाभारताला आपण 'चिकित्सक आवृत्ती' म्हणतोच की, म्हणजे शब्द रुळलेला आहे.

'हायर' बद्दल. त्यात वरचढपणा अजिबात नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी आयखहॉर्न या जर्मन पंडिताने ती संज्ञा रूढ केली. पायाचं काम म्हणजे हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवणं, ते 'लोअर'. त्यावर उभं राहणारं काम, म्हणजे ग्रंथ कुणी लिहिला, कधी, कुठल्या साधनांवरून, ते 'हायर'. मी पहिल्याला 'पाठचिकित्सा' आणि दुसऱ्याला 'ग्रंथचिकित्सा' म्हणेन. 'उच्च' वगैरे सोडून द्या.

पाठचिकित्सेचा एक नमुना देतो, लेखात कामी येईल. मार्कच्या शुभवर्तमानाचा, म्हणजे त्याने लिहिलेल्या येशूच्या चरित्राचा, सोळावा अध्याय. व्हॅटिकनच्या ग्रंथालयातली आणि सिनायच्या मठात सापडलेली, अशा चौथ्या शतकातल्या दोन ग्रीक प्रती आहेत. दोन्हींत मार्क आठव्या ओवीवर थांबतो : स्त्रिया कबरेपासून पळाल्या, कुणाला काही बोलल्या नाहीत, कारण त्या भ्यायल्या होत्या. संपलं. उठलेला येशू कुणाला दिसल्याचं त्यात नाही. 9 ते 20 या ओव्या नंतरच्या प्रतींत येतात. व्हॅटिकनच्या प्रतीत गंमत अशी की तिथे लेखनिकाने पुढचा अख्खा स्तंभ कोरा सोडलाय. पुढे आणखी काही असतं हे त्याला ठाऊक होतं का, यावर अजून वाद आहेत.

हा पंडिती कीस नाही बरं का. विश्वास ठेवणारे साप उचलतील आणि विष प्याले तरी त्यांना बाधणार नाही, हे वाक्य याच बारा ओव्यांत आहे. अमेरिकेतल्या ॲपलेशियन डोंगरभागात त्यावरून उपासनेत विषारी साप हाताळायची प्रथा निघाली. तिचा सगळ्यात गाजलेला उपदेशक जॉर्ज हेन्सली 1955 मध्ये सापाच्या दंशानेच गेला.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर द्यूतसभेतला द्रौपदीचा कृष्णधावा बघा. चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात तो नाही, खाली टिपांत आहे. कीर्तनकारांनी म्हणून तो प्रसंग सोडला का? बिलकुल नाही.

वसईकर :
तळटीप, माहिती चांगली आहे, पण तुमच्या लिहिण्यात एक गृहीत डोकावतंय की चिकित्सा फक्त बाहेरचे करतात. आम्हा कॅथलिकांत 1943 साली बाराव्या पायस पोपमहोदयांनी परिपत्रक काढून अभ्यासकांना सांगितलं, मूळ हिब्रू-ग्रीकवरून काम करा, त्या काळचे साहित्यप्रकार ओळखा. त्याआधी, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, हेच रोम मोशेने पंचग्रंथ (बायबलची पहिली पाच पुस्तकं) लिहिले या मताला घट्ट धरून होतं. मधल्या काळात आमच्याच कितीतरी अभ्यासक धर्मगुरूंची तोंडं बंद केली गेली, तेही लपवायचं कारण नाही.

सन्नन्त यांच्या मीमांसेवरून सुचलं ते. वेद अपौरुषेय, त्याला कर्ताच नाही. बायबलचं तसं नाही. आम्ही ते 'प्रेरित' मानतो, म्हणजे देवाची प्रेरणा आणि माणसाचा हात. हात माणसाचा म्हटल्यावर कुणाचा, कधीचा, हे विचारण्यात पाप कसलं? शुभवर्तमान लिहिणारा लूक तर आरंभीच सांगतो की याआधी पुष्कळांनी हकिकती लिहिल्या आहेत, आपण मुळापासून नीट शोध करून क्रमवार लिहितोय. साधनांची चिकित्सा त्याने स्वतःच केली.

('प्रेरित' आणि 'प्रेषित' यांत घोटाळा नको, कोरांटी. प्रेषित म्हणजे पौल, पेत्र वगैरे. मुद्रितशोधक हमखास चुकतात.)

नगरची मैना :
सगळे चिकित्सेच्या प्रेमात पडलेत, तर उलट बाजू मी मांडते. आमच्याकडे घरात 'पवित्र शास्त्र' म्हणतात, 'बायबल' कमी. पाठ ताडून बघायला आमची ना नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणलं, 1922 मध्ये देवाघरी जाण्याच्या जेमतेम आधी ते काम पुरं केलं. असं काम करणाऱ्याला कुठला पाठ घ्यायचा हे ठरवावंच लागतं, आणि ते ठरवून त्यांचा विश्वास उणा झाला नाही.

खटकतं ते तुमचं 'ग्रंथचिकित्सा' प्रकरण. जुन्या करारातलं दानीएलचं पुस्तक घ्या. त्यात बाबेलनंतरच्या (बॅबिलोनच्या साम्राज्यानंतरच्या) राजांची हकिकत अकराव्या अध्यायात इतकी तंतोतंत आहे की अभ्यासक म्हणतात, हे घडून गेल्यावरच, इसवी सनापूर्वी 165 च्या सुमारास लिहिलं असणार. का? तर भविष्य आधी कळत नसतं म्हणून. आता ही चिकित्सा झाली की आधीच दिलेला निकाल? देव बोलत नाही हे धरून चाललात तर पुराव्यातून देव निघणार कुठून? त्यांना 'चिकित्सक' असा भारदस्त किताब द्यायचा आणि आम्हाला 'श्रद्धाळू', हा शब्दांचाच अन्याय आहे. शिवाय आम्ही 'विश्वास' म्हणतो. 'श्रद्धा' म्हटलं की मराठी माणसाच्या जिभेवर पुढचा शब्द 'अंध' येतोच.

तळटीप :
मैनाताई, आक्षेप रास्त आहे आणि काही अभ्यासकांना तो नक्की लागू पडतो. पण दानीएलचा काळ एवढ्यावरच ठरलेला नाही. अकराव्या अध्यायाचा शेवट वाचा. अँटिओकस हा सीरियाचा ग्रीक राजा समुद्र आणि पवित्र पर्वत यांच्या मध्ये तंबू ठोकेल आणि तिथे त्याचा अंत होईल, असं ते वर्णन पुढे जातं. प्रत्यक्षात तो इराणच्या मोहिमेवर मेला, इसवी सनापूर्वी 164 मध्ये. म्हणजे हकिकत एका बिंदूपर्यंत चोख आणि त्यापुढे चुकलेली. अभ्यासक त्या बिंदूवर बोट ठेवतात. भविष्य साधलं यापेक्षा ते कुठे हुकलं, हा त्यांचा मोठा पुरावा.

'विश्वास' बद्दल सहमत. लेखात तोच ठेवावा.

नगरची मैना :
हुकलं असं तुम्ही म्हणता. चाळिसाव्या ओवीपासून पुढचं अँटिओकसबद्दल नाहीच, शेवटल्या काळातल्या ख्रिस्तविरोधकाबद्दल आहे, असं मंडळीत (चर्चमध्ये) फार जुन्या काळापासून वाचलं गेलंय. बायबलचं लॅटिन भाषांतर करणारा जेरोमही तसंच म्हणतो.

सन्नन्त :
जेरोमचे नाव आलेच आहे तर. दानीएलच्या काळाविषयीचे हे मत आधुनिक जर्मनांचे नव्हे. तिसऱ्या शतकात पॉर्फिरी या ख्रिस्तीविरोधी तत्त्वज्ञाने ते मांडले. त्याचा ग्रंथ पुढे रोमन सम्राटांनी जाळायला लावला, तो हाती उरलेला नाही. जेरोमने दानीएलवरच्या भाष्यात खोडून काढण्यासाठी त्याचे मुद्दे नोंदवले, म्हणून ते आपल्याला कळतात. जुन्या अर्थाच्या टीकेने नव्या अर्थाची टीका जिवंत ठेवली. कोरांटी, लेखात 'टीका' कुठे वापरायचीच असेल तर इथे वापरा.

पोटखराब :
घरी मला 'फार चिकित्सक हो तुम्ही' म्हणतात ते भाजी निवडताना. तोही अर्थ टिपून ठेवा.

कोरांटी :
😄 टिपला. पाठचिकित्सा आणि ग्रंथचिकित्सा नक्की करते, 'विश्वास' ठेवते, अभ्यासकांना 'संशयी' लिहिलं होतं ते काढून 'चिकित्सक अभ्यासक' करते. मैनाताईंचा आक्षेप मूळ लेखातही आहे, पण इतका धारदार नाही.

आता एकच अडलंय. 'इनेरन्सी', म्हणजे बायबलमध्ये चूक नाही हा दावा. 'अस्खलनशीलता' लिहिलं होतं, वाचताना जीभच स्खलित होते.

वसईकर :
तो शब्द आमच्याकडे पोपमहोदयांच्या अधिकाराच्या संदर्भात निघतो, इथे घोळ होईल.

नगरची मैना :
साधं 'बिनचूक' लिहा. आम्ही तसंच म्हणतो.

तळटीप :
'बिनचूक' चालेल, पण कशाबद्दल ते लगेच सांगा. 1978 च्या शिकागो निवेदनात इव्हँजेलिकल (बायबललाच सर्वोच्च प्रमाण मानणाऱ्या प्रोटेस्टंट) पंडितांनी हा दावा केला, तो मूळ लेखकांच्या हातच्या प्रतींपुरता. पुढच्या नकलांबद्दल आणि भाषांतरांबद्दल ती मूळ पाठाशी जितकी जुळतील तितपतच. त्या मूळ प्रतींपैकी आज एकही उपलब्ध नाही. नुसतं 'बिनचूक बायबल' लिहिलंत तर वाचक हातातल्या छापील प्रतीबद्दल समजेल, आणि एवढं त्या निवेदनावर सह्या करणाऱ्यांनीही म्हटलेलं नाही. 'मूळ लेखनात बिनचूक' असे तीन शब्द लिहा.

नगरची मैना :
याला हरकत नाही.