अनुभव धागा: किनाऱ्यावरच्या घरासाठी टीव्हीची छत्री कशी निवडावी?

आंब्याच्या शेंड्यावर बांधलेल्या ॲल्युमिनियमच्या काड्यांचे दिवस गेले. दूरदर्शनची जमिनीवरची ॲनालॉग प्रक्षेपणं मोजके अपवाद सोडून 2022 पर्यंत बंद झाली, तेव्हा जुना अँटेना आणि बूस्टर कुणी गळ्यात मारू लागला तर घेऊ नका. प्रश्न आहे छत्रीचा. डीडी फ्री डिश (दूरदर्शनची मासिक भाडं नसलेली उपग्रह सेवा) धरून चालू: उपग्रह जीसॅट-15, 93.5 अंश पूर्व. छत्री केवढी, कुठे, कशावर, वायर कोणती? ज्यांच्या हाताखालून छत्र्या गेल्यात त्यांनी वर आपल्या गावाचं नाव टाकून लिहा. "आमच्याकडे मस्त चालते" नको, मापं द्या.

अलिबाग
आधी दिशा, मग खरेदी. उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने अलिबागला 130 अंश, मालवणला 127, रत्नागिरी मधे. म्हणजे सगळीकडे आग्नेय. उंची क्षितिजापासून 58 ते 60 अंश. पण आपल्या छत्र्या ऑफसेट असतात, म्हणजे एलएनबी (दांड्याच्या टोकाची सिग्नल पकडणारी डबी) ताटलीच्या मधोमध नसून खालच्या बाजूला असते, त्यामुळे ताटली त्याहून वीस-पंचवीस अंश उभी दिसते. नवखा माणूस ताटली थेट आभाळाकडे करतो आणि सिग्नल शून्य. पाइप ओळंब्यात हवा. तो कलता असेल तर डावी-उजवी फिरवताना उंचीही बदलत जाते आणि दिवसभर शोधाशोध होते. शेवटी एलएनबी तिच्या पकडीत थोडी थोडी फिरवून बघा. बॉक्सवर "स्ट्रेंग्थ" नाही, "क्वालिटी"ची पट्टी बघायची. बॉक्सच्या सेटिंगमध्ये एलएनबीचा प्रकार 9750/10600 निवडलेला असू दे.

गुहागर
समुद्र पश्चिमेला मोकळा, उपग्रह मात्र डोंगराच्या आणि माडांच्या बाजूला. ही आपली खरी अडचण. हिशेब सोपा आहे: आग्नेयेचं झाड छत्रीपेक्षा जितकं उंच, त्याला 1.7 ने भागा. निदान तेवढं अंतर हवं. 15 मीटरचा माड असेल तर जमिनीवरची छत्री बुंध्यापासून 9 मीटर, झावळांचा घेर धरून 12. वाऱ्याबरोबर चित्र येत-जात असेल तर झावळ आड येतेय असं समजा. उन्हाळ्यात छान चालणारी जागा पावसाळ्यात बिघडते, कारण ओलं पान सिग्नल पितं.

जागा ठरवायची फुकटची युक्ती: 13 मार्चच्या आसपास सव्वाअकराला आणि 30 सप्टेंबर-1 ऑक्टोबरला अकराच्या जरा आधी सूर्य नेमका उपग्रहाच्या जागी असतो. त्या वेळी जिथे लख्ख ऊन, तिथे छत्री. (त्याच दिवसांत तेव्हा काही मिनिटं चित्र जातं. तो बिघाड नव्हे, कुणाला बोलावू नका.)

देवगड
आकार. 60 सेंटिमीटरची छत्री कोरड्या दिवसांत पुरते. आषाढातल्या सरीत मात्र चित्रात चौकोन पडायला लागतात. 75 ची घेतली तर सिग्नलचे साधारण 2 डेसिबल (सिग्नलच्या जोराचं माप), 90 ची घेतली तर साडेतीन डेसिबल जास्त मिळतात. भुरभुर आणि मध्यम सर निभावते. ढगफुटीसारखा कोसळला तर कुठलीच टिकत नाही. माझं मत सरळ 90.

हर्णै
देवगडकर, 90 ची किनाऱ्यावर उघड्यावर नको. ताशी 100 किलोमीटरच्या वाऱ्यात 60 च्या छत्रीवर सतरा-अठरा किलोचा रेटा येतो, 90 वर चाळीसच्या आसपास. निसर्ग वादळ (जून 2020) आठवा. मी 75 च सांगेन, आणि उरलेले पैसे स्टँडवर घाला.

जांभ्याच्या चिऱ्यात फास्टनर ठोकू नका. चिरा मऊ, भोक मोठं होत जातं आणि दोन पावसाळ्यांत स्टँड हलायला लागतो. एकतर भिंतीतून आरपार बोल्ट घालून आत मोठी पट्टी द्या, नाहीतर परसात दीड फूट लांब-रुंद-खोल काँक्रीट ओतून त्यात दीड इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उभा करा. कौलारू घराच्या वाशाला तर मुळीच बांधू नका. बोल्ट स्टेनलेस, शक्यतो 316 प्रतीचे. 304 वर खाऱ्या हवेत तांबूस डाग येतात, पण बोल्ट टिकतो. छत्रीसोबत आलेले पिवळसर नट-बोल्ट आधीच टाकून द्या. कापलेल्या, भोक पाडलेल्या कडांना झिंक प्रायमर लावा, गंज तिथूनच धरतो.

वेंगुर्ला
छत्रीपेक्षा कनेक्टर (वायरीच्या टोकाचा, नटाने बसणारा तुकडा) जास्त छळतो. वायर आरजी-6 जातीची, 75 ओहम, आतली तार पूर्ण तांब्याची घ्या. तांब्याचा मुलामा दिलेली पोलादी तार स्वस्त पडते, पण लांब ओढीत एलएनबीपर्यंत व्होल्टेज कमी पोचतं. एलएनबीला जास्त, म्हणजे 18 व्होल्ट लागणारी चॅनेलं आधी गळतात. चुंबक लावून बघा, चिकटली तर पोलाद. सोलताना जाळी मागे दुमडा, मधल्या तारेभोवतीचा पांढरा भाग कनेक्टरच्या तळाशी टेकू द्या, मधली तार नटाच्या तोंडाबाहेर दोन मिलिमीटर. जाळीचा एक केस जरी मधल्या तारेला लागला तरी बॉक्स "एलएनबी शॉर्ट" म्हणतो. पिळून बसवायचा कनेक्टर नको, कॉम्प्रेशनचा (पक्कडीने दाबून बसवायचा) घ्या. त्यावर एकमेकाला चिकटणारी रबरी टेप ताणून, खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे पाणी थरांवरून ओघळतं. साधी काळी टेप उन्हात सुटते. घरात शिरण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, थेंब तिथून गळू देत. हिरवट भुकटी दिसली की घासत बसू नका, वीतभर वायर कापून नवा कनेक्टर लावा. त्यासाठी छत्रीपाशी हातभर वायर जास्त सोडलेली असावी.

श्रीवर्धन
एक राहिलं. क्वालिटी भरपूर, तरी काही चॅनेलं नाहीतच? छत्रीला हात लावू नका. फ्री डिशवर एमपेग-2 आणि एमपेग-4 (चित्र दाबून पाठवायच्या पद्धती) दोन्ही प्रकार आहेत; जुना बॉक्स दुसरा प्रकार दाखवत नाही. बॉक्स बदला. आणि वळवाच्या गडगडाटात प्लगसोबत छत्रीची वायरही बॉक्समधून काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.