प्रतिसाद: मर्यादा खर्चावर आहे, देणगीवर नाही

ब्रिटनमध्ये राजकीय पक्षांना मिळणाऱ्या देणगीला कमाल मर्यादा आहे असं एकाने म्हटलंय, ते तसं नाही. मर्यादा निवडणूक खर्चाला आहे. देणगी कितीही द्या, फक्त देणारा कायद्यात बसायला हवा: तिथल्या मतदारयादीतली व्यक्ती, तिथे नोंदलेली आणि धंदा करणारी कंपनी, कामगार संघटना वगैरे. ५०० पौंडांच्या वर रक्कम आली की पक्षाने ३० दिवसांत शहानिशा करायची, देणारा बसत नसेल तर पैसे परत. ११,१८० पौंडांच्या वरच्या देणग्या (२०२३ पर्यंत ७,५०० च्या) दर तिमाहीला निवडणूक आयोगाला कळवायच्या. हा आयोग निवडणुका घेत नाही बरं का, हिशेब मात्र तपासतो.

खरी मेख कंपन्यांत आहे. कंपनीने देणगीइतका नफा तिथे कमावलेला असावा, अशी अट २००० सालच्या मूळ कायद्यात घातलीच नाही. मग परदेशी मालकाला तिथल्या आपल्या कंपनीमार्फत बाहेरचा पैसा द्यायला वाट मोकळीच की!